आजीनंतर संपादक लागतो

अद्भुतकथा किंवा कॉमिक्स लिहिणाऱ्या लेखकाला "तुम्ही याकडे कसे वळलात?" असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं येतं. घरात गोष्टी सांगणारं कुणीतरी होतं. आजी, वडील, मावशी, शेजारची एखादी म्हातारी. श्रावणात कहाण्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर भुतांच्या गोष्टी, गावाकडे दशावतार नाहीतर गोंधळ. ते ऐकता ऐकता मन तिकडे ओढलं गेलं आणि पुढे हाताला लेखणी लागली. हे उत्तर खरं असतं, म्हणून तर इतक्या जणांच्या तोंडी येतं. पण ते अर्धं आहे, आणि मराठीपुरतं बोलायचं तर या अर्ध्या उत्तरावर समाधान मानून आपण स्वतःचं फार नुकसान करून घेतलं आहे.

गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांची महाराष्ट्रात कधी वानवा नव्हती. कीर्तनकार, वासुदेव, गोंधळी, चित्रकथी, भारुडं, व्रतांच्या कहाण्या, चिऊ-काऊपासून वेताळापर्यंतचा पसारा हे सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि बरंचसं अजून आहे. नुसत्या बालपणाने लेखक घडत असते तर आज मराठीत अद्भुतकथेचा एक भरलेला कप्पा असायला हवा होता आणि मूळ मराठीत लिहिलेल्या कॉमिक्सचा दुसरा. प्रत्यक्षात एखादा चौदा वर्षांचा मुलगा ग्रंथालयात जाऊन "मराठीत आजच्या लेखकाची मोठी कल्पनारम्य कादंबरी द्या" म्हणाला, तर ग्रंथपाल त्याला भाषांतरांच्या कपाटाकडे नेतात. कॉमिक मागितलं तर पुराणकथा आणि थोरांची चरित्रं पुढे करतात.

बालपण कान तयार करतं. लेखक तयार होतो तो नियमित निघणाऱ्या, मोबदला देणाऱ्या पानावर आणि ते पान सांभाळणाऱ्या संपादकाच्या हाताखाली. मराठीने बालपण जपलं आणि पान गमावलं. "आता घरात गोष्टी सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून लेखक होत नाहीत" असा सूर आपल्याकडे लागतो, तेव्हा दोष आयांवर आणि आज्यांवर जातो. मला हे अन्यायाचं वाटतं. त्यांनी त्यांचं काम केलं. पुढचं काम प्रकाशकांचं, संपादकांचं, ग्रंथालयांचं आणि शासनाचं होतं.

याचा एक जुना पुरावा दख्खनमध्येच आहे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि मेरीच्या सोबतीला अ‍ॅना लिबराता डिसूझा नावाची आया. अ‍ॅनाच्या आजोबांचं घराणं गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेलं. मुक्कामाच्या रिकाम्या वेळात अ‍ॅनाने आपल्या आजीकडून लहानपणी ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या. त्यांत राक्षस होते, बोलणारे प्राणी होते, दूर कुठेतरी दुसऱ्याच वस्तूत जीव लपवून ठेवलेले जादूगार होते. मेरीने त्या उतरवून घेतल्या आणि १८६८ मध्ये लंडनहून 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघालं. पुस्तक मेरी फ्रिअर यांच्या नावाने ओळखलं जातं. अ‍ॅनाची स्वतःची हकीकत आत एका स्वतंत्र प्रकरणात दिली आहे, याचं श्रेय मेरीला द्यायलाच हवं, कारण त्या काळी लोककथा गोळा करणारे सांगणाऱ्याचं नावही क्वचितच नोंदवत. तरीही एक गोष्ट उरतेच. अ‍ॅनाकडे आजी होती, स्मरण होतं, सांगण्याची हातोटी इतकी होती की परक्या भाषेत सांगूनही पुस्तक झालं. नव्हतं ते छापखान्यापर्यंत जाण्याचं साधन. ज्या घराकडे ते होतं त्या घराचं नाव पुस्तकावर आलं.

ऐकलेल्या गोष्टी नेमकं काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, हे नीट पाहायला हवं. आजी चिऊ-काऊची गोष्ट सांगते. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." पुन्हा हाक, पुन्हा "थांब, बाळाला तीट लावते." तीन वर्षांच्या पोराला इथे कथनातलं सगळ्यात कठीण तंत्र शिकवलं जात असतं. पुढचं सांगणं किती लांबवायचं, एकच वाक्य किती वेळा आल्यावर ऐकणारा अस्वस्थ होतो, कुठे दार उघडायचं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आणि वाटेत टपलेले वाघ-कोल्हे हेही तेच शिकवतात. आधी दिलेलं वचन शेवटी वसूल झालं पाहिजे. हे शिक्षण अमूल्य आहे आणि कुठल्याही लेखन-कार्यशाळेत ते इतक्या लवकर, इतक्या खोलवर मिळत नाही.

पण आजीसमोर ऐकणारा बसलेला असतो. त्याचे डोळे मिटायला लागले की ती गोष्ट आटोपते, घाबरला की राक्षस लहान करते, कंटाळला की मधला प्रसंग गाळते. लेखकासमोर असा चेहरा नसतो. त्याला तीनशे पानांचं जग उभं करायचं असतं आणि पहिल्या प्रकरणातला जादूचा नियम विसाव्या प्रकरणात मोडू द्यायचा नसतो. इथे कान पुरत नाहीत. इथे लागतो तो "तिसरं प्रकरण काढून टाक, गोष्ट चौथ्यापासून सुरू होते" असं स्पष्ट सांगणारा माणूस, आणि त्याने सांगितल्यावर पुन्हा लिहिण्यापुरता वेळ आणि पैसा. ही जागा आजी भरून काढू शकत नाही. तशी तिच्याकडून अपेक्षा करणंही गैर आहे.

२०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला जाहीर झालेल्या पद्मश्रींच्या यादीत दोन नावं होती. एक सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे, दुसरे हावड्याच्या शिबपूरचे नारायण देबनाथ. दोघांचाही सन्मान कला विभागात झाला आणि दोघांचंही काम चित्रांतून गोष्ट सांगण्याचं. तरी त्या दोन नावांमध्ये या प्रश्नाचं सगळं उत्तर आहे.

गंगावणे ठाकर समाजाचे. या समाजाने पिंगुळीत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांचे खेळ जिवंत ठेवले. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. निवेदक एक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीने गातो, सांगतो, आणि योग्य क्षणी ते मागे सारून पुढचं वर आणतो. आज कॉमिक्सचा लेखक ज्याला पान उलटण्याचा क्षण म्हणतो, जिथे मोठा धक्का नेहमी उलटलेल्या पानावर ठेवायचा असतो, ते तंत्र पिंगुळीत छापील कॉमिक जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून हाताळलं जात होतं. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तोवर ते पोट भरण्याचं साधनही होतं. आश्रय गेला, आणि त्याच्या जागी छापील माध्यम आलं नाही. रामायण-महाभारताच्या पोथ्या तशाच राहिल्या. नव्या गोष्टीची पोथी लिहायला कुणी पैसे दिले नाहीत. गंगावण्यांनी आपल्या घराजवळ संग्रहालय उभारून ही कला वाचवली, त्यासाठी त्यांचे ऋण मोठे आहे. पण ती वाचली ती वारसा म्हणून, वाढता धंदा म्हणून नाही.

देबनाथांना पान मिळालं. 'शुकतारा' या मुलांच्या मासिकात १९६२ मध्ये त्यांची 'हांदा भोंदा' ही चित्रमालिका सुरू झाली, १९६५ मध्ये 'बांटुल', आणि 'किशोर भारती'त १९६९ मध्ये 'नंटे फंटे'. लेखन त्यांचं, चित्रं त्यांची, आणि हे काम त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ केलं. महिना उजाडला की पान भरायचं आहे, ही सक्ती होती. वाचक वाट पाहत होता. मासिक बंद पडलं नाही. २०२२ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा तीन पिढ्यांचे बंगाली वाचक त्यांच्या पात्रांना नावानिशी ओळखत होते.

बंगालची गोष्ट इथे थोडी लांबवतो, कारण ती आपल्या परिस्थितीला सगळ्यात जवळची आहे. तिथेही आज्यांच्या गोष्टी होत्या. १९०७ मध्ये दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी त्या 'ठाकुरमार झुली' या पुस्तकात आणल्या आणि प्रस्तावना रवींद्रनाथांनी लिहिली. म्हणजे भाषेतल्या सर्वांत मोठ्या लेखकाने आजीच्या गोष्टींच्या पाठीवर हात ठेवला. १९१३ मध्ये उपेंद्रकिशोर राय यांनी 'संदेश' मासिक काढलं, पुढे ते त्यांचे चिरंजीव सुकुमार यांनी चालवलं, आणि बंद पडलेलं हे मासिक सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं. सत्यजित राय तोवर जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाले होते. तरी मासिकाचं पान भरायचं म्हणून त्यांनी कथा लिहायला घेतल्या आणि त्यातून प्रोफेसर शोंकू हा शास्त्रज्ञ आणि फेलुदा हा गुप्तहेर जन्मले. मासिक नसतं तर ही पात्रं झाली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे. घरात तीन पिढ्यांची गोष्टींची परंपरा असलेल्या माणसालाही लिहितं करायला अंकाची तारीख लागली.

इंग्लंडमध्येही वाट अशीच निघाली. १९७७ मध्ये तिथे '२००० एडी' हे कॉमिक्सचं साप्ताहिक सुरू झालं. त्यात दोन-चार पानांच्या स्वतंत्र कल्पनारम्य गोष्टींचं एक सदर होतं आणि नवख्या लेखकांना आधी तिथेच लिहायला लावत. इतक्या कमी पानांत एक जग, एक पात्र आणि शेवटची कलाटणी बसवायची. नॉर्थॅम्प्टनच्या कामगार वस्तीत वाढलेले, शाळेतून काढून टाकलेले अ‍ॅलन मूर या सदरातून शिकले, आणि त्यांच्यानंतर ग्रँट मॉरिसनही. पुढे या लेखकांनी अमेरिकन कॉमिक्सचा चेहरा बदलला. तिथल्या संपादकांनी छोट्या चुका करायला जागा दिली, हे त्याचं मोठं कारण आहे. पहिल्याच फटक्यात दोनशे पानांचं पुस्तक लिहून दाखव, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

मराठीत असं काही होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विज्ञानकथेकडे बोट दाखवतो. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ मध्ये त्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. पहिला क्रमांक तिला मिळाला, आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतलं होतं. केंब्रिजहून परतलेल्या, जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञालाही आपली कथा केवळ कथा म्हणून तपासून घ्यायची होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका स्पर्धेने ती सोय केली. पुढे मासिकांनी जागा दिली, दिवाळी अंकांनी मागणी केली, आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशी फळी उभी राहिली. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. स्पर्धेतल्या टोपणनावापासून संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास एका साहित्यप्रकाराचा आहे. मराठी समाज मनात आणलं तर वाट बांधू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. अद्भुतकथेसाठी आणि चित्रकथेसाठी ती आपण बांधली नाही, एवढंच.

का बांधली नाही? मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुत जोरात होतं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. पुढे गो. ना. दातारांच्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' या कादंबऱ्या लोकांनी झपाटल्यासारख्या वाचल्या. पण हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः लिहिली आणि मराठी कादंबरीला घराघरातलं दुःख दिसू लागलं. ते आवश्यकच होतं. त्या कादंबरीचं मोल मी तसूभरही कमी करणार नाही. मात्र त्यानंतर टीकाकारांनी एक उतरंड रचली. वास्तव म्हणजे प्रौढ, अद्भुत म्हणजे पोरकट. अनंत अंतरकरांनी 'नवल' मासिकातून गूढ आणि अद्भुताला हक्काची जागा दिली, नारायण धारपांनी आयुष्यभर भयकथा लिहिल्या आणि वाचक त्यांच्या मागे राहिला. अभ्यासक्रमांत, समीक्षेत, पुरस्कारांत धारपांची दखल त्या मानाने किती घेतली गेली, हे ज्याने त्याने आपल्या मराठीच्या पाठ्यपुस्तकांत शोधून पाहावं. बंगालमध्येही वास्तववादी कादंबरी कमी तोलाची नव्हती. तिथे दोन्ही शेजारी नांदले, कारण मोठ्या लेखकांना मुलांच्या मासिकात लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

कॉमिक्सचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे ती भरपूर वाचली गेली, पण मराठीत लिहिली गेली नाहीत. मद्रासहून निघणाऱ्या 'चांदोबा'ने १९५२ पासून मराठी घरं भरली. १९६४ ते १९९० या काळात 'इंद्रजाल कॉमिक्स' मुंबईतून निघत होतं आणि त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीत बोलत होता. १९६७ मध्ये अनंत पैंनी मुंबईतच 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिचे आघाडीचे चित्रकार राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक. हिंदी कॉमिक्समधल्या नागराज या नायकाला सुरुवातीच्या काळात रूप दिलं तेही मुळीकांनी. म्हणजे कारखाना महाराष्ट्रात, हात मराठी, वाचक मराठी, आणि मूळ संहिता मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत. आपल्या वाट्याला भाषांतर आलं. व्यंगचित्रांत आपण कुठेच मागे नव्हतो. दिवाळी अंकांनी व्यंगचित्रकार पोसले, आणि १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेल्या चारुहास पंडित-प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने दैनंदिन चित्रमालिकाही मराठीत चालते हे दाखवून दिलं. त्याच्यापुढची पायरी, वीस-पंचवीस पानांची सलग, कल्पनेतून जन्मलेली चित्रकथा, मोकळीच राहिली.

या मोकळ्या पायरीचं एक कारण असं, की कॉमिक्समध्ये लेखक असतो हेच आपल्याला दिसत नाही. चित्रं दिसतात, म्हणून सगळं चित्रकाराचं वाटतं. प्रत्यक्षात लेखक प्रत्येक पानाची चौकट-चौकट लिहून देतो. पहिल्या पानावर पाच चौकटी; पहिलीत रिकामं बसस्थानक, पाऊस, लांबून दिसणारी एक छत्री; दुसरीत छत्री जवळ आलेली पण खाली माणूस नाही; संवाद काहीही नको. संवादाच्या एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलं की चित्र गुदमरतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य छाटून बसवावं लागतं. जे चित्र सांगतं ते शब्दाने पुन्हा सांगायचं नाही. हे कसब नाटककाराच्या आणि कवीच्या मधलं आहे आणि ते करत करतच येतं. ते शिकण्याची जागा आज मराठीत जवळपास नाही, आणि तरी आपण विचारतो की मराठीत कॉमिक्स लिहिणारे का नाहीत.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना आणखी एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. जादूटोणा, भुतंखेतं, मंत्रतंत्र यांनी माणसं मेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यात मुलांना जादूच्या गोष्टी का द्यायच्या, असं विवेकवादी मित्र मला विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. माझं उत्तर असं की भोंदू माणूस आपली गोष्ट खरी आहे म्हणतो, आणि अद्भुतकथा पहिल्याच ओळीत कबूल करते की ही गोष्ट आहे. आटपाट नगर नकाशात शोधायला कुणी जात नाही. कल्पनेतल्या जादूगाराचे नियम तपासून पाहण्याची, "मग त्याने हे का नाही केलं?" असं विचारण्याची सवय ज्या मुलाला लागते, ते मूल बाबाच्या चमत्कारालाही तोच प्रश्न विचारतं. नारळीकर दोन्ही करत होते. एकीकडे कल्पनेला मोकळं सोडून कथा लिहिल्या, दुसरीकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला बरोबर घेऊन फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. "सत्य घटनेवर आधारित" अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या भूतकथांना मात्र माझाही विरोध आहे. तिथे गोष्ट आपली कबुली मागे घेते.

वाचक नाही, ही तक्रार मला सगळ्यात कमी पटते. 'तुंबाड' हा चित्रपट धारपांच्या कथेवरून सुचला. तो घडतो कोकणात, त्याचं जग मराठी वाड्याचं आहे. २०१८ मध्ये तो हिंदीत आला आणि २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला केला. मराठी मातीतल्या अद्भुताला प्रेक्षक आहे, पैसाही आहे. तो मराठी भाषेतून फिरत नाही एवढंच. शहरातली मुलं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, इंग्रजीतून वाचतात, उजवीकडून डावीकडे, अनोळखी नावं आणि सणवार समजून घेत. एवढे कष्ट घेणारा वाचक आळशी नाही. त्याला आपण त्याच्या भाषेत काही दिलेलं नाही.

मग काय करायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने शिलालेख, हस्तलिखितं, प्राचीन ग्रंथ यांवर बोललं जातं, ते योग्यच आहे. पण याच दख्खनच्या पैठणशी ज्याची आख्यायिका जोडलेली आहे, त्या गुणाढ्याची बृहत्कथा अद्भुतकथांचाच महासागर होती. दरबाराने ती नाकारली आणि त्याने तिची पानं अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक जाळली, असं कथासरित्सागर सांगतो. सात लाख श्लोकांतले एक लाख उरले. अभिजाततेसाठी येणाऱ्या पैशातला लहानसा वाटा आज लिहिणाऱ्याच्या पानासाठी ठेवला, तर तो प्राचीनतेचाच सन्मान ठरेल.

सुरुवात स्पर्धेपासून करता येईल, कारण ती स्वस्त आहे आणि तिचा गुण आपण पाहिला आहे. विज्ञान परिषदेने जे विज्ञानकथेसाठी केलं ते एखाद्या साहित्य संस्थेने अद्भुतकथेसाठी आणि चित्रकथेच्या संहितेसाठी करावं. नावं झाकून परीक्षण व्हावं आणि संहितेचं बक्षीस चित्रांवर अवलंबून नसावं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून राज्यभर पोहोचतं. त्यात बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी वर्षभर चालणारी एक क्रमशः चित्रकथा यावी, जिच्यात बोध सांगण्याची सक्ती नसेल. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत चित्रकथेला बालवाङ्मयात न ढकलता स्वतंत्र विभाग मिळावा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत. त्यांच्या खरेदीत मूळ मराठी चित्रकथांसाठी ठराविक हिस्सा ठेवला, तरी प्रकाशकाला पहिल्या आवृत्तीचा धोका पत्करता येईल. सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या गोष्टीने पडेल असं मला वाटतं, कारण प्रकाशक अडतो तो छपाईच्या खर्चाशी. आणि पिंगुळीच्या चित्रकथींना फक्त महोत्सवांत खेळ करायला बोलावण्यापेक्षा, एखाद्या तरुण लेखकाबरोबर बसवून नव्या गोष्टीची पोथी काढायला सांगावं आणि तिचे दोघांनाही पैसे द्यावेत.

पैशाबरोबर हक्कांचंही आधीच ठरायला हवं. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सीगल आणि शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना लिहून दिले आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आपण ही वाट आता बांधणार असू तर ती चूक पहिल्याच करारात टाळता येते.

सगळ्यात लवकर हे करू शकतील ते दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही प्रथा आजही दरवर्षी शेकडो अंक काढते. जगातल्या फार थोड्या भाषांकडे असं हक्काचं, वाट पाहिलं जाणारं, मोठ्या माणसांनी विकत घेऊन वाचलेलं पान आहे. या अंकांची आखणी पावसाळ्यातच सुरू होते. दहा संपादकांनी ठरवलं तर यंदाच्या दिवाळीत दहा नव्या मराठी चित्रकथा छापून येतील. प्रत्येकी सोळा पानं, कुठल्याही पुराणातून न घेतलेली गोष्ट, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव सारख्याच टायपात मुखपृष्ठावर, मानधन दोघांना वेगवेगळं आणि अंक निघण्याआधी, प्रकाशनाचा पहिला हक्क अंकाकडे आणि बाकीचे सगळे हक्क त्या दोघांकडे, आणि पुढच्या दिवाळीचा दुसरा भाग त्याच पत्रात मागून ठेवलेला.